नवा लॅपटॉप आला. पेटी कुणाकडे, चावी कुणाकडे?



मागच्या महिन्यात आपल्या प्रभागसंघाच्या कार्यालयात नवा लॅपटॉप आला. खोकं टेबलावर ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग बराच वेळ कुणीच हात लावेना. एक मावशी म्हणाल्या, "हात लावला आन् बिघडला तर भरून कोण देणार?" खरं सांगते, मी ग्रामसंघाची लिपिका, दहा वर्षं गटाच्या वह्या लिहिते, पण माझ्याही पोटात गोळा आला होता.

आता महिना झाला. काय जमलं, कुठं चुकलो, ते जसंच्या तसं तुमच्यापुढं ठेवते. उद्या तुमच्याही ग्रामसंघात लॅपटॉप येईल, तेव्हा आमच्या चुका तुम्ही करू नका.

वहीपासून लॅपटॉपपर्यंत

नाबार्डने १९९२ साली देशात ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. बायका नियमित बचत करतात, आपसात कर्ज देतात-घेतात, हिशोब लिहून ठेवतात, एवढ्याच भरवशावर तारण न घेता बँका कर्ज द्यायला लागल्या. म्हणजे आपली पत उभी राहिली ती वहीवर. पुढे १५ मार्च २०१५ ला नाबार्डने 'ई-शक्ती' प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला दोनच जिल्हे होते, झारखंडचा रामगड आणि आपल्या शेजारचा धुळे. गटाच्या नोंदी संगणकावर चढवायच्या आणि बँकेला त्या बसल्या जागी दिसायच्या, असं ते काम. आता 'उमेद'च्या गटांच्या नोंदीही 'लोकओएस' ॲपवर चढतात. थोडक्यात, आपलं दप्तर आपण मागितलं नाही तरी संगणकावर जाणारच आहे. ते जाताना आपल्या नजरेसमोर राहील की नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

खरेदी करताना

आधी बैठकीत ठराव केला. नाशिकला जाऊन तीन दुकानांतून दरपत्रकं आणली. दुकानदार बरंच काही सांगतो, आपण चार गोष्टी विचारायच्या. रॅम किती? हिशोब, पत्रं आणि ऑनलाइन बैठक एवढ्या कामाला ८ जीबी पुरते. साठवणीला 'एसएसडी' आहे का? त्याने लॅपटॉप लवकर सुरू होतो. वॉरंटी किती वर्षांची, आणि दुरुस्ती नाशिकलाच होईल का? चौथं, विंडोज कोणतं? कुणी स्वस्तात जुना लॅपटॉप देत असेल तर हे नक्की विचारा. कंपनीने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला आहे.

बिल संघाच्या नावाने घ्या, कुणा एकीच्या नावाने नको. लॅपटॉपच्या पाठीवरचा नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवा आणि साहित्य नोंदवहीत लिहा. सोबत एक साधा माऊस घ्या. का, ते पुढं सांगते.

पहिली चूक

लॅपटॉप पहिल्यांदा सुरू झाला की प्रश्न विचारतो. देश कोणता, भाषा कोणती, इंटरनेट कुठलं, खातं कुणाचं. आम्ही गावातल्या एका हुशार पोराला बोलावलं. त्याने भराभर बटणं दाबली, अर्ध्या तासात "झालं काकू" म्हणून गेलाही. आम्ही खूश.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉपने कोड मागितला. कोड गेला त्या पोराच्या मोबाइलवर, कारण त्याने खातं स्वतःच्या ईमेलने उघडलं होतं. पोरगा अंबड एमआयडीसीत कामाला, त्या दिवशी दुसरी पाळी, फोन लॉकरमध्ये. संघाचा लॅपटॉप संघाच्याच टेबलावर, आणि आम्ही सगळ्या बाहेर! त्याची काही लबाडी नव्हती. विचारायचं आम्हाला सुचलं नाही, सांगायचं त्याला सुचलं नाही.

हे साधं वाटेल, पण साधं नाही. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये आतली माहिती आपोआप कुलूपबंद होते. कधी बिघाड झाला तर ते कुलूप उघडायला ४८ आकड्यांची किल्ली लागते, आणि ती किल्ली ज्याचं खातं त्याच्या खात्यात जमा असते. खातं दुसऱ्याचं असलं, तर गावभरच्या गटांचा हिशोब एका परक्या किल्लीवर लटकतो.

मग आम्ही काय केलं? संघाच्या नावाने नवा ईमेल काढला. त्याला संघाच्याच सिमचा नंबर जोडला. लॅपटॉपचं खातं त्यावर बदलून घेतलं. ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवली आणि दोघींनी वाचून तपासली.

पेटी आणि चावीचा नियम

ताईंनो, गट सुरू झाला तेव्हा आपल्याला पहिला धडा काय दिला होता? पेटी एकीकडे, चावी दुसरीकडे. कुणावर अविश्वास म्हणून नव्हे. उद्या काही इकडं-तिकडं झालं तर कुणा एकीवर बालंट येऊ नये म्हणून. लॅपटॉपलाही तोच नियम लावायचा.

लॅपटॉप कार्यालयाच्या कपाटात. पासवर्ड माहीत दोघींनाच, लिपिका आणि सचिव. तोच पासवर्ड आणि ती ४८ आकडी किल्ली पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, त्यावर तिघींच्या सह्या करून अध्यक्षांकडे. उद्या लिपिका बदलली, लग्न होऊन गेली, आजारी पडली, तरी दप्तर अडत नाही. लिपिका बदलली की त्याच दिवशी पासवर्ड बदलायचा, आणि बदलल्याची नोंद इतिवृत्तात करायची.

पासवर्ड गावाचं नाव, मुलाचं नाव किंवा १२३४ नको. आपल्यालाच आठवतील असे तीन-चार वेगवेगळे शब्द जोडा, मध्ये एखादा आकडा घाला.

बोटांची गोष्ट

आमच्या लॅपटॉपला बोटाच्या ठशाने उघडायची सोय आहे. पण कांदा काढणाऱ्या, द्राक्षाची विरळणी करणाऱ्या हातांवर ठसे उरतात कुठं? रेशनच्या मशीनवर जो अनुभव येतो तोच इथं आला. तिघींचा ठसा लागलाच नाही. मग बोटाचा नाद सोडला आणि पासवर्डच ठेवला.

पुढच्या चौकोनी पट्टीवर बोट फिरवायचं, तेही जमेना. बाण एकदम कोपऱ्यात पळायचा. माऊस लावला आणि पहिल्या दिवशी फक्त पत्त्यांचा खेळ खेळलो. हसू नका! उचलायचं, ओढायचं, सोडायचं, एवढं हाताला वळण लागलं की निम्मी भीती जाते.

मराठीत लिहायचं कसं?

विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा या भागात जाऊन मराठी जोडा. मग विंडोजचं बटण आणि स्पेसचं लांब बटण एकत्र दाबलं की इंग्रजीचं मराठी होतं, परत दाबलं की इंग्रजी.

मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला सोपा आहे. काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. 'कर्ज' लिहून बघा. इंग्रजी के च्या बटणावर क, जे वर र, डी ने र चा पाय मोडतो, पी वर ज. चार बटणांत कर्ज! (फेडायला मात्र दहा हप्ते.) असं लिहिलेलं युनिकोडमध्ये असतं, म्हणून बँकेच्या किंवा पंचायत समितीच्या संगणकावरही जसंच्या तसं दिसतं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र दुसरीकडं उघडलं की त्याची जिलबी होते, तसं याचं होत नाही.

रकमा मात्र आम्ही इंग्रजी आकड्यांतच टाकतो. मराठी आकडा कधी कधी अक्षर म्हणून धरला जातो आणि बेरजेत येतच नाही.

हिशोबाने डोळे उघडले

आता मुख्य गोष्ट. हिशोबाच्या तक्त्यात आम्ही एका गटाची कर्जं चढवत होतो. त्या गटातल्या एका ताईंनी ५,००० रुपये कर्ज घेतलं होतं, दरमहा २ टक्के व्याज, ५०० चे दहा हप्ते. ठरावात लिहिलं होतं, 'व्याज शिल्लक रकमेवर'. तक्त्याला तसं सूत्र दिलं. पहिल्या महिन्यात शिल्लक ५,०००, व्याज १००. दुसऱ्या महिन्यात शिल्लक ४,५००, व्याज ९०. तिसऱ्यात ८०. असं उतरत शेवटच्या महिन्यात १०. दहा महिन्यांचं व्याज झालं ५५० रुपये.

वहीत होते १,०००. दर महिन्याला सरसकट १०० घेतले होते.

आम्हाला वाटलं लॅपटॉप चुकला. कागदावर दोनदा मांडून पाहिलं. लॅपटॉप बरोबर होता. त्या ताई शेजारीच बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "माझं नाव कंच्या वळीत हाय?" मी बोट ठेवून दाखवलं, व्याजाची एकेक ओळ वाचली. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, कर्ज निम्मं फिटलं तरी याज का उतरंना? पर वहीत लिवलंय म्हनल्यावर गप बसले."

चूक कुणी मुद्दाम केली नव्हती. पहिल्या महिन्याचा आकडा पुढं पुढं तसाच उतरवत गेलो होतो. आणि त्या वहीवर अक्षर माझंच होतं, हेही इथं सांगायला हवं. पुढच्या बैठकीत गटाने इतर कर्जंही तपासली. जादा घेतलेले ४५० रुपये त्या ताईंना परत द्यायचा ठराव झाला, बाकीच्यांचं पुढच्या हप्त्यात वळतं केलं.

यातून उलटा धडाही घ्या. संगणक बेरीज चुकत नाही, पण आपण १,५०० च्या जागी १५,००० टाकले तर तो त्याचीच बरोबर बेरीज करून देतो. म्हणून वही बंद करायची नाही. नोंद आधी बैठकीत सगळ्यांसमोर वहीत, मग लॅपटॉपवर. महिन्याला एकदा एकीने वही वाचायची, दुसरीने पडद्यावर बघायचं, आणि शेवटची शिल्लक पासबुकाशी जुळवायची.

सांभाळायचं कसं?

• गोधडीवर किंवा उशीवर ठेवू नका. खालची हवेची भोकं बंद होतात आणि लॅपटॉप तापतो.
• विजेचा भरवसा नसतो. कंट्रोल आणि एस ही बटणं एकत्र दाबून दर दहा मिनिटांनी काम जतन करा.
• दर बैठकीनंतर हिशोबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत नको, पेटीत ठेवा. चोरी झाली तर दोन्ही एकदम जायला नकोत.
• मोबाइलच्या नेटवर चालवत असाल तर मोठे अपडेट दिवसाचा डेटा संपवतात. वायफाय असेल तिथं ते करून घ्या, पण टाळू नका.
• 'तुमच्या लॅपटॉपला धोका आहे, पैसे भरा' असं पडद्यावर आलं तर घाबरू नका. विंडोजमध्ये सुरक्षेची सोय आधीच असते.
• बँकेतून किंवा कंपनीतून बोलतो म्हणून कुणी एखादं ॲप टाकायला सांगितलं, ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. उशीर करू नका, लाजू तर मुळीच नका.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटाचं व्याज मूळ रकमेवर घेतात की शिल्लक रकमेवर? ठराव काढून वाचा आणि एक कर्ज मांडून बघा.
२. आपलं दप्तर किंवा मोबाइलवरची नोंद एकाच ताईच्या भरवशावर आहे का? ती महिनाभर आली नाही तर काय होईल?
३. वाचता न येणाऱ्या सभासदाला तिची बचत आणि तिचं कर्ज शेवटचं कधी वाचून दाखवलं?

आमच्याकडे आता नवीन रीत पडली आहे. ज्या गटाचा हिशोब चढवायचा, त्या गटाच्या दोन सभासद शेजारी बसतात, त्यातली एक वाचता न येणारी. आधी हात लावायला भिणाऱ्या मावशी परवा माऊस धरून स्वतःचं नाव शोधत होत्या. पहिलं अक्षर तेवढं ओळखतात. सापडलं तेव्हा म्हणाल्या, "ही वळ माझी."

तुमच्या गटात काय अनुभव आला, ते पुढच्या मासिक बैठकीत जरूर सांगा.