स्नेहलता रेड्डी : रंगमंच आणि कारागृह

बंगळूरच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर ही वसाहत जयप्रकाश नारायण यांच्या नावाने ओळखली जाते. जयप्रकाशांनी ज्या राजवटीविरुद्ध लोकांना उभे केले, तिच्याशी झालेल्या संघर्षात याच शहरातील एका अभिनेत्रीला प्राणांस मुकावे लागले. तिचे नाव स्नेहलता रेड्डी.

स्नेहलताबाईंचा जन्म १९३२ सालचा. ‘मद्रास प्लेयर्स’ या नाट्यसंस्थेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. त्या आणि त्यांचे पती, तेलुगू कवी पट्टाभिराम रेड्डी, हे दोघेही डॉ. राममनोहर लोहिया यांच्या समाजवादी विचारांचे होते. १९७० साली पट्टाभिराम यांनी यू. आर. अनंतमूर्ती यांच्या ‘संस्कार’ या कादंबरीवर कन्नड चित्रपट काढला. जातिव्यवस्थेची चिकित्सा करणाऱ्या या चित्रपटावर प्रथम बंदी आली; पुढे त्यालाच राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यातील चंद्री ही बहिष्कृत स्त्री स्नेहलताबाईंनी साकारली होती.

जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. रेड्डी दांपत्याचे स्नेही जॉर्ज फर्नांडिस भूमिगत झाले. त्यांच्याशी असलेल्या संबंधांमुळे २ मे १९७६ रोजी स्नेहलताबाईंना अटक झाली. बडोदा डायनामाइट खटल्याच्या अंतिम आरोपपत्रात त्यांचे नाव नव्हते. तरीही ‘मिसा’ कायद्याखाली त्यांना बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात स्थानबद्ध ठेवण्यात आले. त्यांना दम्याचा जुना विकार होता. कोंदट कोठडी आणि अपुरे उपचार यांमुळे तो बळावला. त्याच कारागृहात असलेले समाजवादी नेते मधु दंडवते यांनी, रात्रीच्या शांततेत स्नेहलताबाईंच्या किंकाळ्या ऐकू येत असल्याचे पुढे लिहून ठेवले. अशा अवस्थेतही अन्य स्त्री-कैद्यांना होणाऱ्या मारहाणीविरुद्ध त्या उभ्या राहिल्या. रंगमंचावर बहिष्कृतेचे दुःख मांडणे आणि कारागृहात निराधार स्त्रियांची बाजू घेणे, या दोन गोष्टी त्यांच्या लेखी भिन्न नव्हत्या.

प्रकृती ढासळल्यावर १५ जानेवारी १९७७ रोजी त्यांना पॅरोलवर सोडण्यात आले. १८ जानेवारीस लोकसभेच्या निवडणुकांची घोषणा झाली आणि २० जानेवारीस स्नेहलताबाई निवर्तल्या. आणीबाणी उठली ती २१ मार्च रोजी.

त्यांची कारागृहातील दैनंदिनी मृत्यूनंतर प्रकाशित झाली. त्या जुन्या कारागृहाच्या जागी २००८ मध्ये ‘फ्रीडम पार्क’ हे उद्यान खुले झाले. सुनावणीवाचून माणसाला डांबण्याचा अधिकार सत्तेच्या हाती आला म्हणजे काय घडते, हे समजून घेण्यासाठी मात्र त्या दैनंदिनीचीच पाने उलटावी लागतात.