वेष, वाणी आणि इतिहास

बहुरूपी ही आपल्याकडील जुनीच संस्था होय. भल्या सकाळी दारात फौजदार उभा राहतो, घरधन्यास दरडावतो, आणि घाबरलेली मंडळी हसू लागली म्हणजे पसाभर धान्य घेऊन पुढच्या दारी जातो. होऊन गेलेल्या व्यक्तीचा वेष घेऊन लोकांपुढे 'मी' म्हणून बोलणे हे मात्र निराळे काम आहे. या पाठात त्याचाच विचार करावयाचा आहे.

महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण म्हणजे सुषमा देशपांडे यांचा १९८९ साली रंगभूमीवर आलेला 'व्हय, मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग. नावातील 'व्हय' या एका शब्दातच अर्धा धडा आहे. सावित्रीबाई फुले १८३१ साली सातारा प्रांतातील नायगाव येथे जन्मल्या. त्यांच्या तोंडी पुस्तकी भाषा घातली असती तर बाई पुतळ्यासारखी उभी राहिली असती. दरवर्षी ३ जानेवारीस आपल्या शाळांतून कितीतरी मुली सावित्रीबाई होतात. कपाळी मोठे कुंकू, हाती पुस्तक, अंगावर शेण फेकल्याचा प्रसंग, आणि टाळ्या! पण १८४८ साली पुण्यास भिडे वाड्यात शाळा निघाली तेव्हा या शिक्षिकेचे वय अवघे सतरा होते, आणि १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना तिला मरण आले, हे त्या मुलींपैकी किती जणींस ठाऊक असते? लुगडे नेसणे सोपे. मधली एकोणपन्नास वर्षे समजून घेणे कठीण.

अमेरिकेत व्हर्जिनिया प्रांतातील विल्यम्सबर्ग हे जुने गाव १९२६ पासून पूर्ववत उभारण्यात आले. तेथे अठराव्या शतकातील वेषात माणसे वावरतात. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा जेफर्सन समोर येतो, आणि प्रेक्षक त्यास वाटेल ते विचारू शकतात. हे विचारणे हीच खरी परीक्षा! ज्याने सर्व मनुष्ये समान असे लिहिले, त्याच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. पाठ केलेले भाषण येथे कामास येत नाही. १९९४ साली त्याच गावी गुलामांच्या लिलावाचा प्रसंग करून दाखविण्यात आला, तेव्हा दुःखाचा तमाशा होतो म्हणून मोठा निषेध झाला. निषेधास आलेल्यांपैकी एका पुढाऱ्याचे मत मात्र प्रयोग पाहिल्यावर पालटले. आमच्या मते तो प्रसंग दाखविणेच योग्य होते. जेफर्सन दाखवावा आणि त्याचे गुलाम झाकावेत, हा इतिहास नव्हे.

आता आपल्या गावाकडे वळू. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याची भूमिका करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने आधी काही गोष्टी शोधाव्यात. मेहतांचे घर गुजराती. तेव्हा हा मुलगा घरी कोणत्या भाषेत बोलत असेल? नंदुरबार त्या वेळी पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते (स्वतंत्र जिल्हा १९९८ साली झाला), मग सरकारी हुकूम कोठून येत? पंधरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी पाऊण तासाचे व्याख्यान घालण्याची हौस लेखकांस फार असते, ती आवरावी. जे त्याने म्हटल्याचा आधार नाही, ते त्याच्या नावावर खपवू नये. अशा ठिकाणी शेजाऱ्याचे किंवा दुकानदाराचे काल्पनिक पात्र घेऊन, ते काल्पनिक आहे असे आधीच सांगून, बोलते करावे. ते पात्र अहिराणीत बोलले तर पालकांस अधिकच गोड लागेल.

शिरीषची टोपी घालण्यास वर्गातील प्रत्येक मुलगा हात वर करतो. त्या दिवशी लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा हेही गेले. या चौघांच्या भूमिका यंदा कोण घेणार, ते ९ सप्टेंबरपूर्वी वर्गशिक्षकांस कळवावे.