साथकाळातील प्रवासबंदी व विलगीकरण : नियम आणि व्यवहार

व्यापार म्हणजे मालाची व माणसांची ये-जा. ती थांबली की पेढी थांबते, हे भोपाळच्या व्यापारी वर्गास कोणी सांगावयास नको. परंतु साथीच्या काळी सरकार ही ये-जा कोणत्या अधिकाराने रोखते, कोणास सूट देते, आणि कागदावरील नियमाचे नाक्यावर काय रूप होते, याचा शांतपणे अभ्यास आपणांपैकी थोड्यांनीच केला असेल. कोविडची साथ ओसरल्यावर तो करणे अधिक सोयीचे आहे. कारण आता मनात भीती नाही व रोषही नाही.

प्रथम कायद्याचा विचार करू. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा अस्तित्वात आला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. परंतु रेल्वेने वा अन्य मार्गाने येणाऱ्या प्रवाशांची तपासणी करणे व संशयितांस वेगळे ठेवणे, हे अधिकार त्याने सरकारला दिले. पुण्यात त्यांचा वापर किती कठोरपणे झाला व त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबावरील हल्ल्यात कशी झाली, हे मराठी वाचकास ज्ञात आहे. नियम शास्त्रशुद्ध असला, तरी तो राबविण्याच्या रीतीने लोक दुखावले की त्याचा हेतूच विफल होतो, हा त्या इतिहासाचा बोध होय.

२०२० साली या जुन्या कायद्याच्या जोडीस २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. २५ मार्चपासून सारा देश बंद झाला तो या दुसऱ्या कायद्याखाली. येथून पुढे नियमांचे तीन मजले झाले : केंद्राचा आदेश, त्याखाली राज्याचा आदेश, आणि त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. दिल्लीचा आदेश वाचून निर्धास्त होणाऱ्या अनेकांची फसगत झाली ती येथेच. ३० मे २०२० च्या आदेशाने केंद्राने राज्याराज्यांतील व राज्यांतर्गत वाहतूक खुली केली. मात्र स्थानिक परिस्थिती पाहून निर्बंध घालण्याची मुभा राज्यांस ठेवली. त्यानंतर दोन महिनेही उलटले नाहीत तोच, २४ जुलैच्या रात्री ८ वाजल्यापासून भोपाळ शहर दहा दिवसांसाठी बंद झाले. राखीपौर्णिमा ३ ऑगस्टला होती. ज्यांनी राखीचा माल भरून ठेवला होता, त्यांचे ऐन हंगामाचे दिवस दुकानाच्या बंद फळ्यांआड गेले.

दुसरी गोष्ट ही की, मालाचा नियम व माणसाचा नियम एक नसतो. २९ मार्च २०२० रोजीच केंद्रीय गृहसचिवांनी राज्यांस कळविले होते की, मालवाहतुकीत आवश्यक व अनावश्यक असा भेद करू नये. १५ एप्रिलच्या सूचनांत दोन चालक व एक मदतनीस यांसह मालमोटारींस परवानगी होती. माल उतरवून परतणाऱ्या रिकाम्या गाडीसही मोकळीक होती. मार्च २०२१ मध्ये मध्य प्रदेशाने महाराष्ट्राशी असलेली बस वाहतूक थांबविली, तेव्हाही मालमोटारी चालूच होत्या. अर्थात नागपूरहून माल भोपाळास पोहोचत असे. त्या मालाचा हिशेब मिटविण्यास निघालेला मुनीम मात्र बसने येऊ शकत नसे.

तिसरी गोष्ट प्रवासाच्या पासाची. पास हा हुंडीसारखा असतो. हुंडीवर नाव, रक्कम वा मिती यांत फरक पडला की पेढीवर ती पटत नाही. तेथे धन्याची पत कामास येत नाही. आमच्या परिचयाच्या एका व्यापारी बंधूंचे वडील मे २०२० मध्ये अमरावतीस निवर्तले. भोपाळहून निघताना त्यांच्यापाशी रीतसर पास होता. वाटेत मोटार नादुरुस्त झाली, तेव्हा एका स्नेह्याची मोटार घेऊन ते पुढे गेले. सीमेवरील नाक्यावर पासातील क्रमांक व मोटारीचा क्रमांक जुळेना. नवा पास येईपर्यंत कित्येक तास गेले आणि इकडे धाकट्या भावास अग्निसंस्कार उरकावा लागला. शिपायाचा यात दोष नव्हता. त्याने कागद पाहिला, अश्रू पाहणे त्याच्या अधिकारात नव्हते. परंतु मोटार बदलताच, वाटेवरूनच दुरुस्तीचा अर्ज केला असता, तर कदाचित पित्याचे मुखदर्शन घडते.

याच बंधूंच्या अनुभवाचा दुसरा भाग अधिक बोधप्रद आहे. घरी पोहोचल्यावर त्यांना चौदा दिवस वेगळ्या खोलीत राहावे लागले. शोकाकुल मातेजवळ बसता आले नाही. ‘पास असता हे कशाला?’ असे त्यांनी विचारले. उत्तर सरळ होते. पास हा वाटेचा परवाना. विलगीकरण हा मुक्कामाचा नियम. एकाची पूर्तता दुसऱ्यातून सुटका देत नाही. २ मे २०२० रोजी नाशिकहून निघालेली श्रमिकांची पहिली विशेष गाडी भोपाळजवळील मिसरोद स्थानकावर आली, तेव्हाही प्रवास सरकारनेच घडविलेला होता. तरीही उतरताच प्रवाशांची तपासणी झाली व मगच बसगाड्यांनी त्यांना आपापल्या जिल्ह्यांकडे धाडण्यात आले.

परदेशातून येणाऱ्यांसही हेच सूत्र लागू होते. २४ मे २०२० च्या सूचनांनुसार सात दिवस स्वखर्चाने नेमलेल्या जागी व सात दिवस घरी, असे चौदा दिवसांचे विलगीकरण होते. गर्भवती, गंभीर आजारी, दहा वर्षांखालील मुलांसह येणारे पालक आणि घरात मृत्यू घडलेले प्रवासी, यांस सर्व चौदा दिवस घरीच काढण्याची सवलत मिळू शके. ऑगस्टपासून ही सवलत प्रवासाच्या किमान ७२ तास आधी अर्ज करून मागावी लागे. सवलत होती, पण ती विमानतळावर उतरून मागणाऱ्यासाठी नव्हती. शिवाय भोपाळचा प्रवासी बहुधा मुंबई वा दिल्लीस उतरे. तेव्हा त्यास प्रथम तेथील राज्याचा नियम पाळावा लागे, मग आपल्या राज्याचा.

आज हे निर्बंध उरलेले नाहीत. आपत्ती कायद्याखालील आदेश ३१ मार्च २०२२ रोजी संपले. परंतु १८९७ चा कायदा, २०२० च्या दुरुस्तीसह, जागेवर आहे. सरकारी आदेशाच्या अवज्ञेचे जुने १८८ कलम जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २२३ कलम आले, एवढेच. पुन्हा साथ आली, तर हीच यंत्रणा पुन्हा उभी राहील.

म्हणून व्यापारी बंधूंनी चार प्रश्न लक्षात ठेवावेत. आदेश कोणाचा व कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत? तो मालास आहे की माणसास? अपवादाचे कलम कोणते, आणि त्याचा अर्ज केव्हा करावयाचा? मुक्कामी पोहोचल्यावरचा नियम काय? रोजकीर्द लिहिताना जी दक्षता आपण घेतो, तीच येथे घ्यावी. नियम चुकीचा वाटला, तर संघटनेमार्फत लेखी दाद मागावी. नाक्यावर वाद घालू नये. आणि विलगीकरण ही शिक्षा मानू नये. आपल्या पावलांबरोबर रोग दुसऱ्याच्या दारी जाऊ नये, एवढाच तिचा हेतू असतो. तो मनास पटला, म्हणजे कठीण नियमही सुसह्य होतो.