हापूसच्या डब्यावर खजूर नको!

प्रश्न : रत्नागिरीत आमचा आमरसाचे डबे भरण्याचा छोटा उद्योग आहे. माल स्पेनला पाठवायचा विचार आहे. इंग्रजी लेबलाचे स्पॅनिश मोबाइलवर केले तर चालेल का?

उत्तर : सुटा शब्द टाकून तर मुळीच करू नका. इंग्रजी ‘डेट’ला स्पॅनिशमध्ये तारखेसाठी ‘फेचा’, खजुरासाठी ‘दातिल’ आणि ठरवलेल्या भेटीसाठी ‘थिता’ असे वेगळे शब्द आहेत. आंब्याचा बाठा इंग्रजीत ‘स्टोन’. त्याचे ‘पिएद्रा’ झाले, तर गिऱ्हाईक रसात दगड शोधेल! स्पेनमध्ये तिथे ‘उएसो’ लागतो. त्याचा मूळ अर्थ हाड, पण फळाच्या बाबतीत तोच रूढ आहे. अर्जेंटिनात मात्र ‘कारोसो’ म्हणतात. म्हणजे आधी देश ठरवा, मग शब्द.

तारखेतही दोन प्रकार आहेत. दर्जा टिकण्याची मुदत म्हणजे ‘कोन्सुमो प्रेफेरेन्ते’. हवाबंद डब्यांना सहसा हीच लागते. लवकर नासणाऱ्या पदार्थांना ‘कादुथिदाद’. युरोपीय संघाच्या 1169/2011 या नियमानुसार सक्तीची माहिती तिथल्या ग्राहकाला सहज कळेल अशा भाषेत द्यावी लागते. त्यामुळे छपाईपूर्वी मसुदा तिथल्या आयातदाराकडून लेखी मंजूर करून घ्या.