अतिदक्षता विभागातला 'वात' : हे वेड नव्हे!

न्यूमोनियासाठी अतिदक्षता विभागात (आय.सी.यू.) ठेवलेले सत्तरीचे आजोबा. दोन दिवस नीट बोलत होते. तिसऱ्या रात्री एकाएकी "बैल सुटलेत, मला जाऊ द्या" म्हणत उठू लागले. सलाईनची नळी ओढू लागले. मुलालाही ओळखेनात. अशा वेळी घरची मंडळी हादरतात. "डॉक्टर, बाबांना वेड तर लागलं नाही ना?" असे विचारतात. कुणी बाहेरची बाधा समजून अंगारा घेऊन येतो.

आपल्याकडे याला 'वात झाला' म्हणतात. वैद्यकीय नाव डिलिरियम. हे वेड नव्हे आणि बाधाही नव्हे. गंभीर आजाराचा हा मेंदूवर झालेला परिणाम आहे. तो काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होतो, दिवसभरात कमी-जास्त होतो आणि बहुधा रात्री वाढतो.

काही रुग्ण मात्र आरडाओरडा करत नाहीत. ते गुंगीत, गप्प पडून राहतात. "आज शांत आहेत" असे आपल्याला वाटते, पण तोही वातच असू शकतो. असा बदल दिसला तर डॉक्टरांना किंवा सिस्टरना लगेच सांगावे. वात झालेल्या रुग्णाचा मुक्काम लांबतो, जिवाचा धोका वाढतो आणि पुढे काही महिने स्मरणशक्ती मंद राहू शकते.

धोका कोणाला जास्त?

१) वयोवृद्धांना, तसेच आधीपासून विसरभोळेपणाचा आजार असलेल्यांना.
२) रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्यांना, कृत्रिम श्वासयंत्रावर असलेल्यांना किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांना.
३) प्राणवायू, साखर किंवा सोडियम कमी झालेल्यांना.
४) रोज दारू पिणाऱ्यांना किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांना, त्या अचानक बंद झाल्यावर.

यांत वेदना, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, सततचा उजेड, यंत्रांचे आवाज आणि जागरण यांची भर पडते.

दारूबद्दल स्पष्टच सांगतो. "आमच्याकडे कोणी घेत नाही" असे लाजेपोटी सांगितले जाते. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांपासून ते साधारण चार दिवसांपर्यंत रुग्णाला कंप सुटतो, भास होतात, फिट्सही येऊ शकतात. हे जिवावर बेतू शकते. आधी कळले तर औषध देऊन ते बरेचसे टाळता येते. तेव्हा लाज बाजूला ठेवा. किती आणि कधीपासून घेतात, शेवटची कधी घेतली, हे दाखल करतानाच सांगा. घरच्या सर्व गोळ्याही दाखवा.

नातेवाइकांनी काय करावे?

१) चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी घरून आणा. ती केव्हा वापरायची हे सिस्टरना विचारा.
२) भेटीच्या वेळी ओळखीच्या एकानेच शांतपणे बोलावे. आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत, हे सांगावे.
३) दिवसा उजेड आणि रात्री अंधार व शांतता मिळावी, अशी विनंती करा.
४) डॉक्टरांनी परवानगी देताच रुग्णाला बसवा, चालवा.
५) भास होत असतील तर वाद घालू नका, रागावू नका. हात हातात घेऊन धीर द्या.

"झोपेचं इंजेक्शन देऊन टाका" असा आग्रह मात्र धरू नका. गुंगीच्या काही औषधांनीच वात वाढतो. दारू बंद झाल्याने होणारा वात हा याला अपवाद. तिथे तीच औषधे उपयोगी पडतात. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ५६६ रुग्णांच्या अभ्यासात हॅलोपेरिडॉल या नेहमीच्या औषधानेही वाताचा काळ कमी झाला नाही. मूळ आजारावर उपचार आणि आपल्या माणसाचा आधार, हाच खरा इलाज.

आजोबा बरळले म्हणून त्यांना हसू नका की घाबरून दूर जाऊ नका. आजार उतरला की बहुतेकांचा वातही उतरतो. तोवर त्यांना ओळखीचा आवाज ऐकू येत राहू द्या.