जीसी झाल्यावर किती उरलं?

बँकेचे व्यवहार, विम्याचे हप्ते, तिकिटांचं आरक्षण, महिनाअखेरीचे पगार यांतलं बरंच काम आजही जावावर चालतं. प्रोग्रामला लागणारी मेमरी जेव्हीएम, म्हणजे जावाचं व्हर्च्युअल मशीन, देते आणि वापरून झालेली परत गोळा करते. गार्बेज कलेक्शनची (जीसीची) ही कल्पना जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी मांडली आणि १९६० साली ती छापून आली. मेमरी हाताने मोकळी करण्याची कटकट त्यामुळे सुटली, पण तिच्यावर लक्ष ठेवण्याचं काम सुटलं नाही. मी बरीच वर्षं जावाचे सर्व्हर सांभाळते आहे. या कामातून जे पक्कं झालं ते इथे लिहिते.

१. हीप भरलेली दिसली म्हणून घाबरू नका

टीममध्ये नवीन आलेला मुलगा किंवा मुलगी पहिल्या आठवड्यात हमखास धावत येते: हीप ८५ टक्के भरली! हीप म्हणजे ऑब्जेक्ट ठेवायची जागा, ती भरणारच. नवीन ऑब्जेक्ट ईडन नावाच्या भागात जन्माला येतात, तो भाग भरला की जीसी होतो, जिवंत ऑब्जेक्ट पुढे सरकतात आणि बाकीचे जातात. म्हणून निरोगी जेव्हीएमचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. बघायचं ते दात्यांच्या तळाशी. जीसी झाल्यावर जे उरतं, ती तुमच्या प्रोग्रामची खरी गरज. तळ रोज त्याच पातळीवर येत असेल तर निश्चिंत राहा. तोच लोड असूनही तळ दिवसेंदिवस वर चढत असेल, तर मेमरी गळते आहे.

जेव्हीएम हा आकडा वेगळा काढून देते. हीपच्या प्रत्येक मेमरी पूलसाठी ‘युसेज’ असतो, तसाच ‘कलेक्शन युसेज’ही असतो, आणि हा दुसरा आकडा जीसीनंतरचा. जावा ५ पासून ही सोय आहे, तरी बहुतेक डॅशबोर्डवर पहिलाच आकडा लावलेला सापडतो. अलर्ट लावायचा तर दुसऱ्यावर लावा. एक पथ्य मात्र पाळा. जावा ९ पासून जी१ हा डीफॉल्ट कलेक्टर आहे आणि तो जुन्या ऑब्जेक्टचा भाग एकदम साफ करत नाही, थोडा थोडा करतो. त्यामुळे एका जीसीवरून निष्कर्ष काढू नका. निदान एक पूर्ण दिवस बघा, आणि महिनाअखेर वेगळी बघा.

२. जीसी लॉग पहिल्या दिवसापासून चालू हवा

जावा ८ पर्यंत यासाठी अर्धा डझन फ्लॅग द्यावे लागायचे. जावा ९ पासून ‘एक्सलॉग’ हा एकच पर्याय पुरतो. त्याचा भार नगण्य आहे, फाइल रोटेशन त्यातच आहे, तरीही कित्येक प्रॉडक्शन सर्व्हरवर तो बंद सापडतो. मग रात्री दोन वाजता कॉलवर दहा जण नुसते अंदाज बांधत बसतात. फ्लाइट रेकॉर्डरही चालू ठेवा. २०१८ साली जावा ११ सोबत तो सगळ्यांसाठी खुला झाला. कुठला थ्रेड कशासाठी थांबला आणि कुठल्या ओळीत सर्वांत जास्त मेमरी मागितली गेली, हे तो सांगतो.

आउट ऑफ मेमरी झाल्यावर आपोआप हीप डम्प घेणारा फ्लॅगही द्या. डम्प जिथे पडणार त्या डिस्कवर हीपएवढी जागा आहे ना, ते आधी बघा. आणि कंटेनर असेल तर ती जागा कंटेनरच्या बाहेर हवी. नाहीतर कंटेनर गेला की डम्पही त्याच्याबरोबर जातो.

३. सरासरी दाखवली की ९९वा पर्सेंटाइल मागा

सरासरी प्रतिसाद ५० मिलिसेकंद असू शकतो आणि शंभरातल्या एका माणसाला तीन सेकंद थांबावं लागत असतं. शंभरातला एक म्हणजे किरकोळ, असं वाटतं. पण एक पान उघडायला मागे वीस सर्व्हिसना कॉल जात असतील आणि प्रत्येक कॉल शंभरात एकदा रखडत असेल, तर निदान एक कॉल रखडण्याची शक्यता जवळपास १८ टक्के होते. म्हणजे दर साडेपाच माणसांमागे एकाला ते पान हळू वाटणार. तो माणूस कस्टमर केअरला फोन करतो, आणि आपण त्याला हिरवा डॅशबोर्ड दाखवतो. हे मला फार खटकतं.

दहा सर्व्हरचे ९९वे पर्सेंटाइल घेऊन त्यांची सरासरी काढणारे अहवालही मी पाहते. त्या आकड्याला काही अर्थ नाही. एकत्र करायचेच असतील तर हिस्टोग्राम एकत्र करा आणि मग पर्सेंटाइल काढा.

याहून सूक्ष्म चूक लोड टेस्टमध्ये होते, आणि ती गिल टेने यांनी जगासमोर आणली. समजा टेस्टिंगचं टूल दर १० मिलिसेकंदांनी एक रिक्वेस्ट पाठवतं, पण आधीचं उत्तर आल्याशिवाय पुढची पाठवत नाही. सर्व्हर जीसीमुळे दोन सेकंद थांबला. खऱ्या जगात त्या वेळात सुमारे २०० रिक्वेस्ट येऊन ताटकळल्या असत्या. टूलच्या नोंदीत मात्र एकच वाईट आकडा पडतो, कारण तेही सर्व्हरबरोबर थांबून राहिलेलं असतं. रिपोर्ट सुंदर येतो आणि प्रॉडक्शनला पहिल्याच दिवशी रांग लागते. टेने यांनी याच कामासाठी एचडीआर हिस्टोग्राम लिहिला आणि तो खुला ठेवला. तुमचं टूल ही दुरुस्ती करतं का, ते एकदा नीट वाचून घ्या.

४. हीप म्हणजे सगळी मेमरी नव्हे

कंटेनरची मर्यादा दोन जीबी आणि हीपही दोन जीबी, अशी मांडणी मला वारंवार दिसते. हीपच्या बाहेरही जेव्हीएमचा मोठा संसार असतो: क्लासची माहिती ठेवणारा मेटास्पेस, कंपाइल झालेला कोड, डायरेक्ट बफर, जीसीची स्वतःची खातेवही, शिवाय प्रत्येक थ्रेडचा स्टॅक. ६४ बिट लिनक्सवर हा स्टॅक डीफॉल्टने एक एमबीपर्यंत जाऊ शकतो. ही सगळी बेरीज मर्यादेपलीकडे गेली की लिनक्सचं कर्नल प्रोसेस मारून टाकतं. जावाला बोलायला वेळच मिळत नाही. लोक लॉगमध्ये आउट ऑफ मेमरी शोधत बसतात, आणि लॉग तर एखाद्या साध्या ओळीनंतर तुटलेला असतो. अशा वेळी एक्झिट कोड बघा. तो १३७ असेल तर १२८ अधिक ९, म्हणजे किल सिग्नल. दोष बहुधा हीपचा नसतो, हीपबाहेरच्या हिशेबाचा असतो. नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग चालू केलं की हा हिशेब खात्यावार मिळतो. ते ५ ते १० टक्के वेग खातं, म्हणून गरजेपुरतंच चालू करा.

हीपचा आकार दिलाच नाही तर जेव्हीएम उपलब्ध मेमरीचा चौथा हिस्सा घेते. दोनपेक्षा कमी प्रोसेसर किंवा १७९२ एमबीपेक्षा कमी मेमरी दिसली, तर जी१ऐवजी एका थ्रेडवर चालणारा सीरियल कलेक्टर निवडते. कंटेनर छोटे करून पैसे वाचवताना हे लक्षात घेत नाहीत, आणि मग जीसीचे पॉझ का वाढले याचा शोध सुरू होतो.

५. डम्प उघडल्यावर सर्वांत मोठा ऑब्जेक्ट कोणी धरून ठेवलाय ते बघा

एका कामात जीसीनंतरचा तळ रोज थोडा चढत होता. जेस्टॅट या टूलच्या ‘ओ’ या रकान्यात जुन्या भागाची टक्केवारी असते, आणि फुल जीसी झाल्यावरही ती जेमतेम हलत होती. डम्प एक्लिप्स मॅट या टूलमध्ये उघडला, कोणी किती मेमरी धरून ठेवलीय ते दाखवणारा डॉमिनेटर ट्री काढला. सगळ्यात वर एक हॅशमॅप, आत लाखो नोंदी. रिपोर्टचा निकाल साठवायचा कॅश होता तो. किल्ली म्हणून फिल्टरचा एक छोटा क्लास वापरला होता आणि त्यात ‘इक्वल्स’ आणि ‘हॅशकोड’ लिहिलेच नव्हते. तोच फिल्टर पुन्हा आला तरी मॅपला तो नवाच वाटायचा, म्हणून दर वेळी नवी नोंद पडायची आणि जुनी कधीच सापडायची नाही. दोन मेथड लिहिल्या, कॅशला कमाल मर्यादा घातली, तळ सपाट झाला. त्याआधी त्या सर्व्हरची हीप दोनदा वाढवली गेली होती. गळतीवर हीप वाढवणं हा इलाज नाही, त्याने फक्त पडण्याची तारीख पुढे जाते.

डम्प घेताना सर्व्हर थांबतो, म्हणून तो आधी लोडमधून बाजूला काढा. त्या फाइलमध्ये ग्राहकांची नावं, खाते क्रमांक, कधी पासवर्डही साध्या अक्षरांत असतात. ती मेलने पाठवू नका, लॅपटॉपवर ठेवू नका.

६. प्रत्येक थांबा जीसीचा नसतो

जीसीसारख्या कामासाठी जेव्हीएम सगळे थ्रेड ज्या ठिकाणी थांबवते तो सेफपॉइंट. तिथे सगळे थ्रेड जमेपर्यंतही वेळ जातो आणि तो जीसीच्या वेळेत धरला जात नाही. सेफपॉइंटचा लॉग वेगळा मागून घ्या. मशीन स्वॅप करत नाही ना, हेही बघा.

७. जुने फ्लॅग काढून टाका

पर्मजेन हा मेमरीचा भाग जावा ८ मध्ये, २०१४ साली गेला. सीएमएस कलेक्टर जावा १४ मध्ये, २०२० साली गेला. स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये दोन्हींचे फ्लॅग अजून सापडतात. ते का ठेवलेत, हे कोणी सांगू शकत नाही. एका वेळी एकच फ्लॅग बदला आणि बदलाआधीचा, नंतरचा लॉग शेजारी ठेवून वाचा.

८. रिस्टार्ट मारण्याआधी दोन मिनिटं थांबा

वरून फोन येत असतात, मान्य. तरी काही सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डम्प घ्या, क्लास हिस्टोग्राम घ्या, लॉग दुसरीकडे कॉपी करा, मग खुशाल रिस्टार्ट करा. रिस्टार्टने सर्व्हर उठतो, पण कारण पुसलं जातं आणि तेच दुखणं पुढच्या आठवड्यात परत येतं. हे पुरावे वाचायला तुलना लागते, आणि ती बिघाडाच्या रात्री कुठून मिळणार? म्हणून ज्यांचा सर्व्हर आज ठणठणीत चालतोय त्यांना माझी विनंती आहे: आजच्या दिवसाचा जीसी लॉग आणि फ्लाइट रेकॉर्डिंगची एक फाइल तारीख घालून जपून ठेवा.