ओला भुसा, तपकिरी कोळसा आणि आपला बॉयलर



भिवंडी तालुक्यात खारबावच्या बाजूला वीटभट्ट्या आहेत. कच्ची वीट उन्हात खडखडीत वाळल्याशिवाय भट्टीवाला ती भट्टीत रचत नाही. ओली वीट लावली तर जळण पाणी आटवण्यातच जातं, अन् वीट तडकते ती वेगळीच. आपल्या बॉयलरचंही असंच आहे.

ओलीनेच अडलेलं एक इंधन जगभर जळतं. तपकिरी कोळसा, म्हणजे लिग्नाईट. महाराष्ट्रात त्याची खाण नाही. चंद्रपूरकडचा आपला दगडी कोळसा वेगळा. तामिळनाडूत नेवेलीला लिग्नाईट निघतो, त्यात जवळजवळ निम्मं पाणी. पाणी लांब वाहून नेणं कोणाला परवडणार? म्हणून वीजघर खाणीपाशीच बांधलं. थंड मुलुखात त्याच्यावर शहरं ऊब घेतात. मंगोलियात उलानबातरला वीजघरातली उष्णता गरम पाण्याच्या नळांनी घरोघर जाते. पूर्व जर्मनीत १९८० च्या दशकात वर्षाला ३० कोटी टनांच्या आसपास लिग्नाईट निघे. तो वाळवून, दाबून त्याच्या विटा पाडीत आणि घरच्या शेगडीत घालीत. १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्यावर हा आकडा झपाट्याने खाली आला, आणि २०२० मध्ये उशिरात उशिरा २०३८ पर्यंत कोळशावरची वीज बंद करण्याचा कायदा झाला.

आता आपला बगॅस घ्या. शेवटच्या मिलमधून तो बाहेर पडतो तेव्हा त्यातही साधारण ५० टक्के पाणीच. अशा एक किलो बगॅसमध्ये उष्णता सुमारे २,२५० किलोकॅलरी. पैकी ३०० च्या आसपास आतल्या अर्ध्या लिटर पाण्याची वाफ होऊन धुराड्यातून निघून जाते. म्हणजे आठवा हिस्सा गेला!

कोणी म्हणेल, मिलवर पाणी कमी मारा. तसं केलं तर साखर चोथ्यात राहते. तो सौदा तोट्याचा. खरी मेख शेवटच्या मिलच्या दाबात आहे, आणि थोडी आपल्या फडात. हिरवे वाढे उसाबरोबर आले की साखर वाढत नाही, ओल वाढते. मुळाची माती आली की बॉयलरमध्ये राख साचते, वाफ पडते, मिल थांबते. मग लाकूडफाटा विकत आणावा लागतो. ते पैसे उसाच्या हिशेबातूनच जातात, आणि शिल्लक बगॅस विकून जे यायचे तेही बुडतात. तेव्हा तोडणीच्या टोळीला फडातच सांगा: वाढे तोडून बाजूला, ते जनावरांना, ऊस जमिनीलगत तोडा, पण मुळासकट उपटू नका.